इंग्रजीत 'चला, करूया' कसं म्हणायचं? नवीन जॉइन झालेल्यांसाठी पायरी पायरीने

सुपर कॉरिडॉर म्हणा की विजय नगर, इंदूरच्या ऑफिसांत नवीन लागलेल्या आपल्या मराठी मुलामुलींचं इंग्रजी वाईट असतं असं मुळीच नाही. मेल नीट लिहितात, काम समजावून सांगतात. गाडी अडते कुठे, तर चारचौघांत काही सुचवायचं असतं तिथे. 'मी हे करतो' जमतं, 'तुम्ही हे पाठवा' जमतं, पण 'आपण असं केलं तर?' म्हणायची वेळ आली की एकतर सगळीकडे लेट्स लावून मोकळे, नाहीतर थेट 'वी विल डू', आणि मग कॉलवरचा मँचेस्टरचा माणूस दोन सेकंद गप्प होतो. त्याला राग आलेला नसतो, त्याला एवढंच कळत नाही की हे ठरलंय म्हणून सांगतायत की विचारतायत.

हे सगळं शिकता येतं आणि त्याला फार ग्रामर पण लागत नाही. मराठीत आपण हे दिवसभर बरोबर करतोच, फक्त इंग्रजीत बोलताना मराठी बंद करून टाकतो.

पहिली पायरी: 'आपण' की 'आम्ही' ते आधी ठरवा

मराठीत दोन शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणारा धरलेला, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर. गुजरातीत आपणे आणि अमे, तमिळमध्ये नाम आणि नांगळ, आणि आपल्या इंदुरी हिंदीत पण बघा, 'अपन चलते हैं भिया' म्हटलं की भिया सोबत आलाच. इंग्रजीत मात्र दोन्हीला एकच वी. त्यामुळे जो फरक आपल्याला फुकटात मिळतो तो इंग्रजीत वेगळे शब्द टाकून दाखवावा लागतो, आणि हेच कोणी शिकवत नाही.

आमच्याकडे बाहेरचा एक क्लायंट आला होता, दिवसभर मीटिंगा झाल्या, संध्याकाळी टीममधल्या एका मुलाने मोठ्या प्रेमाने त्याला सांगितलं, 'वी आर गोइंग टू सराफा टुनाइट.' त्याच्या मनात 'आपण' होतं, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचं कीस आणि गराडू खिलवायचा पूर्ण प्लॅन होता. क्लायंटने ऐकलं 'आम्ही'. म्हणाला, 'ओह नाइस, हॅव फन!' आणि बॅग उचलून हॉटेलवर गेला. इकडे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत की हा असा कसा माणूस. माणूस चांगलाच होता, बोलावलंच नाही तर येणार कसा?

म्हणायला हवं होतं, 'अ फ्यू ऑफ अस आर गोइंग टू सराफा टुनाइट, वुड यू लाइक टू जॉइन अस?' प्लॅन आमचा, त्यात तुम्ही या. किंवा सरळ 'लेट्स ऑल गो टू सराफा टुनाइट'. लेट्समध्ये ऐकणारा असतोच असतो, म्हणून तो आपल्या 'जाऊया'ला सगळ्यात जवळचा. उलट 'आम्ही' दाखवायचं असेल तर 'वी' एकटा सोडू नका, 'ऑन आवर साइड वी विल टेस्ट इट' किंवा 'आवर टीम विल टेस्ट इट' म्हणा, नाहीतर समोरच्याला वाटतं टेस्टिंगमध्ये त्यालाही धरलंय आणि मग तो वाट बघतो, तुम्ही वाट बघता, आणि शुक्रवार येतो.

एक बारीक गोष्ट इथेच. लेट्स हा लेट अस चा शॉर्टफॉर्म खरा, पण पूर्ण 'लेट अस' बोलण्यात वापरू नका. 'लेट अस गो' म्हटलं की कितीतरी वेळा 'आम्हाला जाऊ द्या' असा अर्थ निघतो, आणि ती परवानगी झाली. सुचवण्यासाठी पूर्ण लेट अस आता प्रार्थनेत, भाषणात नाहीतर गणिताच्या पुस्तकात, 'लेट अस अझ्यूम' वगैरे.

दुसरी पायरी: गोष्ट किती ठरली आहे ते बघून शब्द उचला

इथे थोडं थांबू कारण खरं काम इथेच आहे.

सगळं जवळपास ठरलंय, समोरचा नाही म्हणणार नाही अशी खात्री आहे, तर लेट्स. मित्रांत बिनधास्त. 'लेट्स ऑर्डर पोहे.' पण साहेबाच्या तोंडून आलेला लेट्स म्हणजे सूचना नाही हं, तो हुकूम आहे, फक्त गोड करून. 'लेट्स गेट धिस डन बाय मंडे' याचा अर्थ साहेब तुमच्यासोबत रविवारी बसणार असा नाही. 'वी नीड टू फिक्स धिस' पण तसंच, त्यातला वी म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही. बाकी डॉक्टर पेशंटला 'हाऊ आर वी फीलिंग टुडे?' विचारतो तोही असाच वी, आपल्याकडे नर्स म्हणते ना, 'चला आजोबा, आता आपण औषध घेऊया', घेणार आजोबा एकटेच.

विचारून करायचं असेल तर शॅल वी. 'शॅल वी स्टार्ट?' म्हणजे अगदी आपलं 'सुरू करूया का?'. लेट्सच्या शेपटीला पण तोच लागतो, 'लेट्स स्टार्ट, शॅल वी?' तिथे 'वोन्ट वी' किंवा 'डोन्ट वी' लावायचं नाही. अमेरिकन लोक शॅल फार कमी वापरतात, त्यांच्याकडून 'शुड वी गेट स्टार्टेड?' जास्त ऐकू येईल. आणि आयर्लंड-स्कॉटलंडचा माणूस 'विल वी स्टार्ट?' म्हणाला तर तो भविष्य विचारत नाहीये, त्यांच्याकडे शॅलच्या जागी विल चालतो. दोन्ही समजून घ्या, स्वतः मात्र शॅल वी म्हणा, सगळीकडे चालतं.

व्हाय डोन्ट वी मध्ये व्हाय आहे म्हणून कारण द्यायला धावू नका. 'व्हाय डोन्ट वी मूव्ह द कॉल टू थर्सडे?' म्हणजे 'कॉल गुरुवारी ठेवायचा का?' एवढंच. यावर 'बिकॉज...' करून पाच मिनिटं स्पष्टीकरण देणारी मंडळी आहेत, समोरच्याने नुसतं शुअर किंवा नो ऐकायचं ठरवलेलं असतं. फक्त काळ बदलला की चीज बदलते, 'व्हाय डिडन्ट वी मूव्ह इट?' हा खरा प्रश्न आहे आणि त्यात थोडा जाब पण आहे.

हाऊ अबाउट च्या पुढे क्रियापद आणायचं तर दोनच रस्ते: 'हाऊ अबाउट मीटिंग ॲट फोर?' किंवा 'हाऊ अबाउट वी मीट ॲट फोर?' यात 'हाऊ अबाउट टू मीट' नावाची तिसरी गल्ली नाही.

नुसतंच डोक्यात आलंय, पटलं तर पटलं, तर वी कुड. अजून मऊ हवं तर पुढे मे बी लावा, 'मे बी वी कुड आस्क द फायनान्स टीम.' आपल्या कानाला कुड म्हणजे 'शकलो' वाटतं, झालेली गोष्ट वाटते, म्हणून आपली मुलं तो टाळतात आणि त्याजागी कॅन किंवा विल घालतात. पण क्लायंटसमोर सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा शब्द विचाराल तर मी कुड सांगेन. त्यात समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते, आणि जागा राहिली की माणूस हो म्हणतो.

मग व्हॉट इफ वी. हे आपल्यासाठी सोप्पंय कारण मराठीत हुबेहूब असंच आहे. 'आपण रविवारी गेलो तर?' यातलं 'गेलो' कुठे भूतकाळ आहे, रविवार तर अजून यायचाय. इंग्रजीत पण तेच, 'व्हॉट इफ वी वेंट ऑन संडे?' सरळ 'व्हॉट इफ वी गो' पण चालतं, पण वेंट म्हटलं की सूचना जास्त हलकी होते, हे डोक्यात ठेवा कारण पुढे ही युक्ती परत येणार आहे.

वी शुड म्हणजे सल्ला, थोडा मास्तरकीचा, म्हणून लोक त्यात प्रॉबॅबली टाकतात. आणि वी हॅड बेटर पासून जपून. यात बेटर आहे म्हणून चांगलं काहीतरी असेल असं वाटतं, पण ते धोक्याचं वाक्य आहे, 'वी हॅड बेटर लीव्ह नाऊ' म्हणजे आता निघालो नाही तर काहीतरी बिघडणार. आपसात ठीक, पण क्लायंटला 'यू हॅड बेटर सेंड द फाइल' लिहिलंत तर ती धमकी होते, खरंच.

ब्रिटिश मंडळींचा एक खास प्रकार आहे, वी माइट वॉन्ट टू. 'वी माइट वॉन्ट टू चेक द नंबर्स अगेन.' ऐकायला किती लाजाळू! अर्थ असा की आकडे चुकलेत, बघा. हे वाक्य आलं की फाइल उघडा.

तिसरी पायरी: सजेस्ट, प्रपोज आणि वॉन्ट

'प्लीज सजेस्ट मी अ गुड हॉटेल.' हे आपल्याकडे इतकं चालतं की चुकीचं आहे हे सांगितलं तर भांडायला उठतात. भारतात सगळ्यांना समजतं हे खरं, पण इंग्लंड-अमेरिकेत सजेस्टच्या पुढे माणूस असा थेट येत नाही. 'कॅन यू सजेस्ट अ गुड हॉटेल?' बस, माणूस काढून टाका. रेकमेंडचंही तसंच ठेवा.

आणि 'आय सजेस्ट टू गो' पण नाही. एकतर 'आय सजेस्ट गोइंग बाय ट्रेन', नाहीतर 'आय सजेस्ट वी गो बाय ट्रेन'. ग्रुपचं बोलणं असेल तर दुसरं बरं, कारण त्यात वी दिसतो, पहिल्यात कोण जाणार ते हवेत राहतं. तिसऱ्या माणसाबद्दल असेल तर गंमत अशी की क्रियापदाला एस लागत नाही, 'आय सजेस्ट ही गो', गोज नाही. हा जुन्या इंग्रजीतला उरलेला प्रकार आहे, अमेरिकेत नेहमीचा, ब्रिटनमध्ये 'ही शुड गो' पण म्हणतात. अवघड वाटत असेल तर शुड घाला आणि पुढे चला.

प्रपोजला दोन तोंडं आहेत. 'आय प्रपोज टू स्टार्ट ऑन मंडे' म्हणजे मी स्वतः सोमवारी सुरू करायच्या विचारात आहे. 'आय प्रपोज दॅट वी स्टार्ट ऑन मंडे' म्हणजे सगळ्यांपुढे प्रस्ताव. (तिसरं तोंड कॉलेजवाल्यांना माहीतच आहे, 'प्रपोज मारणे', ते ऑफिसात नको.)

आणि वॉन्ट. आपण म्हणतो 'मला वाटतं आपण जावं', त्यातनं निघतं 'आय वॉन्ट दॅट वी शुड गो'. इंग्रजीत ते 'आय वॉन्ट अस टू गो' असं बसतं, आणि वॉन्ट सगळ्यांसमोर जरा हट्टी वाटतो म्हणून 'आयड लाइक अस टू गो'. ही 'आयड लाइक अस टू' ची चाल पाठ करून टाका, टीमलीडच्या इंटरव्ह्यूत सुद्धा कामाला येते.

चौथी पायरी: इच्छा, म्हणजे विश आणि होप

दोन्हीला मराठीत आपण 'इच्छा' म्हणून मोकळे होतो, पण काम वेगळं. जे होऊ शकतं त्याला होप: 'आय होप वी विन.' जे नाहीये, किंवा होणं कठीण आहे, त्याला विश: 'आय विश वी हॅड मोअर टाइम', म्हणजे वेळ नाहीये. म्हणून 'आय विश वी विल गेट द प्रोजेक्ट' हे बसतच नाही, आणि 'आय विश वी गॉट द प्रोजेक्ट' म्हटलंत तर समोरचा समजेल की प्रोजेक्ट हातचं गेलंय.

विशच्या पुढे भूतकाळ येतो पण गोष्ट आत्ताची असते. तीच मघाची युक्ती, 'गेलो तर' वाली. इंग्रजी असं एक पाऊल मागे सरकून सांगते की हे खरं नाहीये, मनातलं आहे. गोष्ट खरोखर मागची असेल तर अजून एक पाऊल मागे: 'आय विश वी हॅड बुक्ड अर्लियर', 'आधी बुक केलं असतं तर बरं झालं असतं'. आपलं पण 'केलं असतं' होतंच ना, मग काय अवघड आहे!

त्याच घरातली अजून दोन वाक्यं. 'इट्स टाइम वी लेफ्ट', आता निघायला हवं, अजून निघालेलो नाही. आणि 'आयड रादर वी मेट टुमारो', उद्या भेटलेलं बरं, इथे मेट आहे आणि पुढे टुमारो आहे, दोन्ही एकत्र, घाबरायचं नाही.

विशसोबत वुड लावला की कुरकुर होते. 'आय विश दे वुड रिप्लाय', उत्तर का देत नाहीत हे लोक. स्वतःच्या ग्रुपबद्दल असं म्हणणं विचित्र वाटतं कारण करणारे आपणच, मग करा की. आणि 'वी विश टू इन्फॉर्म यू' हा फक्त पत्रातला थाट, त्यातल्या विशला इच्छा-बिच्छा काही नाही.

पाचवी पायरी: खरं आमंत्रण ओळखा

'वी मस्ट डू लंच समटाइम!' हे ऐकून कॅलेंडर उघडणारा माणूस मी बघितला आहे. अहो, हे आपलं 'या एकदा घरी' आहे! राजेंद्र नगरातल्या कोणत्याही जिन्यात दोन ओळखीचे भेटले की 'यायचं हं नक्की' म्हणतात आणि दोघंही आपापल्या दारात शिरतात, कोणी चहाचं आधण ठेवत नाही. इंग्रजीतही समटाइम, वन ऑफ दीज डेज, वी शुड टोटली कॅच अप, असं आलं की तो स्नेह आहे, प्लॅन नाही. उत्तर 'दॅट वुड बी लव्हली'. वार आणि वेळ आली, 'आर यू फ्री ऑन सॅटर्डे?' विचारलं, की मग खरं. तुम्हाला खरंच भेटायचं असेल तर वार तुम्ही घाला.

सहावी पायरी: नाही म्हणणं

लेट्सचं उलटं 'लेट्स नॉट', 'लेट्स नॉट रश धिस'. 'डोन्ट लेट्स' जुन्या ब्रिटिश बोलण्यात मिळेल, वापरायची गरज नाही. 'नो' एकटा फेकू नका. 'आय डोन्ट थिंक वी शुड' म्हणा, 'आय थिंक वी शुडन्ट' पेक्षा ते मवाळ आणि नेहमीचं, आणि मराठीत पण आपण 'मला नाही वाटत आपण करावं' असंच म्हणतो, नकार आधीच येतो. आणि नकारासोबत दुसरी सूचना जोडलीत तर कोणाला लागत नाही, 'कुड वी ट्राय द अदर वन फर्स्ट?'

सातवी पायरी: औपचारिक सभा

ज्यांनी मंडळाची किंवा सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्यांना हे येतंच: ठराव मांडतो, अनुमोदन देतो. इंग्रजीत ठराव मांडणारा म्हणतो 'आय मूव्ह दॅट वी अप्रूव्ह द बजेट', आणि अनुमोदक 'आय सेकंड द मोशन', घरगुती बोलण्यात 'आय सेकंड दॅट' म्हणजे 'माझंही तेच'. मूव्ह दॅटच्या पुढे पण तेच साधं क्रियापद, एस नाही, विल नाही.

इथे एकच मोठा खड्डा आहे, टेबल. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवला, बरोबर उलटं. चर्चिलने दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय की या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद झाला, आणि खरं तर दोघांना एकच हवं होतं. तुमच्या कॉलवर दोन्हीकडची माणसं असतील तर 'लेट्स डिस्कस इट नाऊ' किंवा 'लेट्स कम बॅक टू इट लेटर' म्हणा.

आठवी पायरी: ग्रुपवरचं बोलणं

चॅटवर वाक्यं पूर्ण नसतात. 'हूज अप फॉर पातालपाणी ऑन संडे?' म्हणजे रविवारी पातालपाणीच्या धबधब्याला कोण कोण येणार. ब्रिटिश असेल तर 'एनीवन फॅन्सी अ ड्राइव्ह?' उत्तरात 'आयम इन' किंवा 'काउंट मी इन'. अमेरिकन पोरं 'आयम डाउन' लिहितात, ते वाचून 'गेट वेल सून' पाठवू नका, तो यायला तयार आहे. आपलं 'व्हॉट से?' भारताबाहेर फारसं चालत नाही, त्याच्याजागी 'व्हॉट डू यू थिंक?' किंवा 'डझ दॅट वर्क फॉर एव्हरीवन?' हा दुसरा प्रश्न ग्रुपसाठी फार कामाचा, कारण सगळ्यांना विचारलं गेलं असं वाटतं आणि ज्याला जमत नाही तो वेळेवर बोलतो.

सरावासाठी घरच्याच ग्रुपवरचा एखादा प्लॅन घ्या, सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला जायचंय समजा, आणि एकेक माणूस डोळ्यासमोर आणून तेच वाक्य म्हणून बघा. भावाला 'लेट्स गो'. काकांना 'शॅल वी गो?' नवीन सूनबाई आहेत, अजून संकोच आहे, त्यांना 'वी कुड गो इफ यू लाइक'. बॉसला, 'सम ऑफ अस आर गोइंग, यूड बी वेलकम टू जॉइन अस'. आणि तिकिटं संपली असतील तर 'आय विश वी हॅड बुक्ड अर्लियर', ते सगळ्यांना.